दंड गिऱ्हाइकाला, धास्ती पानपट्टीवाल्याला

बेळगाव : निपाणीहून कागलकडे जाताना कोगनोळीची हद्द ओलांडली की सिगारेट विकत घेण्याचं वय तीन वर्षांनी खाली येतं. कर्नाटकात 21, महाराष्ट्रात 18. मे 2025 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून कर्नाटकाचा दुरुस्ती कायदा आला, त्याचा हा परिणाम. सार्वजनिक ठिकाणी ओढल्याचा दंड 200 वरून 1,000 रुपयांवर गेला. सुट्या सिगारेटची विक्री बंद. हुक्का बार चालवला तर एक ते तीन वर्षं कैद आणि वर 50 हजार ते एक लाख दंड.

हॉटेलवाल्यांचा मुद्दा जुनाच आहे. जागा माझी, भाडं मी भरतो, ज्याला धूर नको त्याने दुसरीकडे जावं. ऐकायला बरोबर वाटतं. पण गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, वेटर कुठे जाणार? दहा-बारा तास त्याच धुरात ताटं उचलायची त्याची ड्युटी. मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा 2001 मध्ये कोर्टाने हेच धरलं : न ओढणाऱ्याला धूर घ्यायला लावणं म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला. तिथे मालकाचं स्वातंत्र्य कमी पडतं, आणि ते पडायलाच हवं.

गाडी अडते ती पुढे. केंद्राच्या 2008 च्या नियमांनुसार 30 खोल्यांचं हॉटेल किंवा 30 खुर्च्यांचं रेस्टॉरंट असेल तर वेगळी स्मोकिंग रूम करता येते. वीस खुर्च्यांच्या खानावळीला ती सोय नाही. उलट तिथे कुणी ओढलं आणि तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके ओढणारे तितका दंड मालकाच्या माथी. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘विझव’ म्हणायचं, म्हणजे महिन्याच्या उधारीवर पाणी सोडायचं.

हुक्क्याचं प्रकरण बघितलं तर व्यवसायाचा हक्क कुठवर टिकतो ते कळतं. मुंबई महापालिकेने लायसन्सच्या अटीतून हुक्का बंद केला, तेव्हा 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्यांची बाजू घेतली. कायद्यात नाही ते महापालिकेने अटीत घालू नये, एवढंच. मग 2018 मध्ये महाराष्ट्राने कायदाच बदलला आणि विषय संपला. कर्नाटकात फेब्रुवारी 2024 मध्ये आधी सरकारी आदेश निघाला, एप्रिलमध्ये हायकोर्टाने तो उचलून धरला, कायदा मागाहून आला. व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेत आहे, पण लोकहितासाठी वाजवी बंधनाची मुभाही त्याच कलमात आहे.

खरी झळ सुट्या विक्रीची. पानपट्टीचा गल्ला चालतो तो एक-एक सिगारेट आणि चहाच्या गिऱ्हाइकावर. अख्खं पाकीट घेणारे थोडे. सुटी विक्री थांबली तर कॉलेजच्या पोराला सहज मिळणार नाही, हा हेतू चांगलाच. सुट्या सिगारेटवर आरोग्याचा इशाराही दिसत नाही. पण अंमल कसा करायचा? वीस वर्षांच्या पोराकडे आधार मागणारा पानपट्टीवाला कुणी पाहिलाय? मग कारवाई होते ती मोहिमेच्या आठवड्यात, जो सापडेल त्याच्यावर.

यात निपाणीचं आणखी एक दुखणं. विडीच्या तंबाखूवर उभी राहिलेली ही बाजारपेठ. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला, गोळीबार झाला, तोही तंबाखूच्या भावासाठीच. आजही तंबाखू पिकवणं कायदेशीर, विडी वळणं कायदेशीर, सरकारने कर घेणं तर कायदेशीर आहेच. काठी उगारली जाते ती साखळीतल्या शेवटच्या माणसावर. वखारीला या दुरुस्तीचा हातही लागत नाही.

आणि हद्दीचा खेळ आहेच. सुटी विक्री महाराष्ट्रातही 2020 पासून बंद आहे, त्यामुळे त्यासाठी कागल गाठण्यात अर्थ नाही. वयाचं मात्र तसं नाही. कायदा विकणाऱ्याला पकडतो, घेणाऱ्याला नाही. निपाणीचा 19 वर्षांचा पोरगा कागलहून पाकीट घेऊन घरी आला, तर गुन्हा ना त्याचा, ना कागलच्या दुकानदाराचा. निपाणीच्या पानपट्टीवाल्याचं गिऱ्हाईक तेवढं गेलं.