विश्लेषण : विमा विकणाऱ्या एजंटचा विमा किती?

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एलआयसीच्या एजंटांसाठी काही सवलती जाहीर केल्या. ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली, तिची बातमी झाली. त्याच घोषणेतला दुसरा आकडा मात्र फारसा कोणी वाचला नाही. एजंटांना मिळणाऱ्या मुदत विम्याचे संरक्षण २५ हजार ते दीड लाख रुपये करण्यात आले. त्याआधी ते किती होते? ३ हजार ते १० हजार रुपये. लाख नव्हे, हजार.

समोरच्याला '५० लाखांचे कवच घ्या, घरच्यांचा विचार करा' असे सांगणाऱ्या माणसाच्या मागे संस्थेकडून १० हजारांचे कवच होते. विमा कंपन्यांच्या अहवालांत सध्या 'नेतृत्व', 'कर्मचारी कल्याण' आणि 'समावेशन' हे शब्द भरपूर दिसतात. ते कुठपर्यंत पोहोचतात, हे तपासायचे तर मुख्यालयातल्या योग सत्रापासून नव्हे, या १० हजारांपासून सुरुवात करावी लागते.

एजंट कर्मचारी नाही, मग कोण?

या घोषणेचा लाभ १३ लाखांहून अधिक एजंट आणि १ लाखांहून अधिक नियमित कर्मचाऱ्यांना होईल, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या आयुर्विमा संस्थेत पगारपत्रकावरच्या एका माणसामागे पगारपत्रकाबाहेरची सुमारे १३ माणसे. 'विमा क्षेत्रातली कामाची जागा' म्हटले की डोळ्यासमोर काचेची इमारत येते. प्रत्यक्षात ती जागा म्हणजे दुचाकी, पाठीवरची बॅग आणि ग्राहकाच्या घरातली खुर्ची असते.

एजंट हा कायद्याने स्वयंरोजगार करणारा. त्याला कमिशन मिळते, पगार नाही. भरपगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, महिला एजंटला कर्मचाऱ्यांसारखी २६ आठवड्यांची प्रसूती रजा नाही. एलआयसीच्या एजंटाला निदान ग्रॅच्युइटी आहे, हे मान्य करायला हवे.

एजंटाखेरीज आणखी एक मोठा वर्ग आहे. बँका विमा कंपन्यांच्या 'कॉर्पोरेट एजंट' असतात, त्यामुळे बँकेच्या काउंटरवरचा कर्मचारीही विमा विकतो. त्याला पगार, रजा, सगळे आहे. आणि टार्गेटही आहे.

टार्गेट वरून खाली येताना वाढते कसे?

जून २०२३ मध्ये एका खासगी बँकेच्या कोलकात्यातील अधिकाऱ्याचा ऑनलाइन बैठकीतला व्हिडीओ व्हायरल झाला होता. तो हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर ओरडत होता आणि एका दिवसात ७५ विमा पॉलिसी विकायला सांगत होता. बँकेने त्याला निलंबित केले. समाजमाध्यमांवर संताप व्यक्त झाला आणि विषय संपला. हा ७५ चा आकडा त्याच्या डोक्यात कुठून आला, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचे उत्तर शोधायला साधे गणित पुरते. समजा, एका विभागाला १०० पॉलिसींचे लक्ष्य मिळाले. कोणी कमी पडले तर आपली मान वाचावी म्हणून विभागप्रमुख खाली ११० सांगतो. क्षेत्रीय व्यवस्थापक त्यावर आपले १० टक्के चढवतो, झाले १२१. शाखेपर्यंत ते १३३ होते. कोणीही दुष्ट नाही, प्रत्येक जण फक्त स्वतःपुरते थोडे सुरक्षित अंतर ठेवतो. पुलाच्या बांधकामात असे अंतर भार कमी करते, इथे मात्र सगळा भार शेवटच्या माणसावर जातो. त्याच्या खाली कोणी नसते. म्हणजे असतो, ग्राहक.

विमा क्षेत्रात जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन महिन्यांना 'जेएफएम' म्हणतात. प्राप्तिकर वाचवण्यासाठी लोक याच काळात विमा घेतात, म्हणून वर्षाचा मोठा धंदा याच काळात करायचा असतो. सकाळी एक रिव्ह्यू कॉल, संध्याकाळी दुसरा, मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा आकडा किती याची यादी. शून्यवाल्यांची नावे सर्वांसमोर. याला नेतृत्व म्हणायचे की हजेरी घेणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण 'तुझी तब्येत कशी आहे' हा प्रश्न त्या यादीत कुठे बसत नाही, हे नक्की.

ग्राहकाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. इर्डाच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ मध्ये आयुर्विमा कंपन्यांविरुद्ध १ लाख २० हजार ४२९ तक्रारी आल्या. आधीच्या वर्षी त्या १ लाख २० हजार ७२६ होत्या, म्हणजे एकूण आकडा जवळपास स्थिर. पण त्यातल्या 'अनुचित व्यवसाय पद्धती'च्या, म्हणजे साध्या भाषेत फसवून विकल्याच्या तक्रारी २३ हजार ३३५ वरून २६ हजार ६६७ वर गेल्या. एकूण तक्रारींत त्यांचा वाटा १९.३३ टक्क्यांवरून २२.१४ टक्के झाला.

यातली प्रत्येक तक्रार टार्गेटमुळेच आली, असा दावा कोणी करू नये. जास्त कमिशनच्या लोभाने खोटे बोलणारे एजंट आहेतच. पण महिन्याच्या २९ तारखेला सात पॉलिसी कमी पडलेला कर्मचारी मुदत ठेव करायला आलेल्या आजोबांना काय विकेल, हे कळायला फार अभ्यास लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईत स्टेट बँकेच्या परिषदेत विम्याच्या अशा चुकीच्या विक्रीवरून बँकांचे कान टोचले होते. त्यांचा रोख ग्राहकाच्या नुकसानीवर होता आणि तो योग्यच होता. मात्र विकणाऱ्याच्या डोक्यावरचा भार तसाच ठेवून ग्राहकाचे संरक्षण होईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

बीमा सखी : समावेशन की विक्रीचे नवे जाळे?

९ डिसेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हरयाणातील पानिपत येथे एलआयसीच्या 'बीमा सखी' योजनेचा शुभारंभ केला. दहावी उत्तीर्ण, १८ ते ७० वयाच्या महिलांना एजंट म्हणून प्रशिक्षण आणि तीन वर्षे मानधन. पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार. सगळे मिळाले तर तीन वर्षांत २ लाख १६ हजार रुपये होतात. गावात राहून, घर सांभाळून स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची ही संधी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. विम्याचे काम दहावी झालेल्या बाईला जमते, हे एका मोठ्या संस्थेने अधिकृतपणे मानले, हीसुद्धा छोटी गोष्ट नव्हे.

पण अटी नीट वाचाव्यात. पहिल्या वर्षात २४ जणांचा विमा उतरवायचा आणि पहिल्या वर्षाचे ४८ हजार रुपये कमिशन मिळेल इतका व्यवसाय आणायचा. कमिशन हप्त्याच्या साधारण पाव हिस्सा धरले, तर एकूण हप्ता १ लाख ९२ हजार होतो. २४ ने भागा, प्रत्येकी ८ हजार रुपये. गावात वर्षाला ८ हजारांचा हप्ता भरू शकणारी २४ माणसे शोधायची, तीही एका वर्षात. पहिली कोण असतील? मावशी, नणंद, दीर, बचत गटातल्या मैत्रिणी. म्हणजे सखीची पहिली गुंतवणूक तिच्या नात्यांची.

खरी गोम दुसऱ्या वर्षात आहे. मानधन चालू राहायचे तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असायला हव्यात. २४ पैकी १६. नऊ जणांनी हप्ता थांबवला की अट मोडते. कापसाचा भाव पडला, पाऊस लांबला, कोणाच्या घरी लग्न निघाले, कारण काहीही असो. चुकीची पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यांना आवर घालण्यासाठी ही अट चांगली आहे, यात शंका नाही. पण यवतमाळच्या एखाद्या गावातल्या सखीच्या २४ ग्राहकांचे उत्पन्न एकाच पिकावर असेल, तर ते सगळे एकदमच अडचणीत येतात. जोखीम पसरवणे हा विम्याचा पायाच. इथे ती पसरवण्याऐवजी एकाच बाईच्या ओंजळीत गोळा केली आहे.

योजनेच्या अटींत आणखी एक वाक्य आहे : ही नियुक्ती म्हणजे महामंडळाची पगारी नोकरी समजली जाणार नाही. नाव सखी आणि नाते करारापुरते.

सखी अनोळखी घरी जाणार, संध्याकाळी जाणार. तिथे कोणी गैरवर्तन केले तर? २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे 'पॉश' कायद्यात, पीडित महिला 'नोकरीत असो वा नसो' असे स्पष्ट लिहिले आहे आणि कामानिमित्त भेट दिलेली जागाही कामाची जागाच धरली आहे. जिथे अंतर्गत समिती नाही तिथे जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. कायदा आहे, पण प्रशिक्षणात पॉलिसीच्या तक्त्यांबरोबर त्या समितीचा फोन नंबर दिला जातो का, हे प्रत्येक शाखेला विचारायला हवे.

मानसिक आरोग्याचे काय?

इथला विरोधाभास तर पुस्तकात लिहावा असा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. इर्डाने २०१८ मध्ये तसे निर्देश दिले. तरीही २०२२ मध्ये कंपन्यांना ३१ ऑक्टोबरची मुदत घालून पुन्हा सांगावे लागले. नैराश्य हा आजार आहे आणि त्याचा खर्च भरून द्यायचा, हे विमा कंपनी ग्राहकाला लिहून देते. रोजच्या रिव्ह्यू कॉलवर नाव वाचले जाण्याच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाला मात्र 'प्रेशर घेता आले पाहिजे' हे उत्तर मिळते. समुपदेशनाची हेल्पलाइन असली तरी ती पगारी कर्मचाऱ्यांसाठी, आणि जो वरिष्ठ ओरडतो त्याच्याच परवानगीने अर्धा दिवस सुट्टी काढून तिथे बोलायचे.

वरच्या मजल्यावर महिला आल्या, पुढे काय?

आल्या, आणि स्वागतच आहे. २०१३ मध्ये उषा सांगवान एलआयसीच्या पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या. २०१६ मध्ये अ‍ॅलिस वैद्यन जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. विभा पडळकर २०१८ पासून एचडीएफसी लाइफचे नेतृत्व करत आहेत. मुंबईच्या विमा जगाला समावेशन नवे नाही. १८७० मध्ये इथेच स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला होता. त्याआधी भारतीय म्हणून जास्तीचा हप्ता मोजावा लागे. पण संचालक मंडळाचे छायाचित्र आणि शेवटच्या गावातल्या एजंटच्या अटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टार्गेटच काढून टाकायचे का?

नाही. 'विमा लोक घेत नाहीत, तो विकावा लागतो' असे या धंद्यात म्हणतात आणि ते खरे आहे. २०२३-२४ मध्ये देशात भरल्या गेलेल्या सर्व विमा हप्त्यांची रक्कम जीडीपीच्या ३.७ टक्केच होती. इर्डाला २०४७ पर्यंत सर्वांना विम्याखाली आणायचे आहे. कोणीतरी दार ठोठावल्याशिवाय ते होणार नाही.

प्रश्न आकडा कोणता मोजायचा, हा आहे. सखीचे मानधन ६५ टक्के पॉलिसी टिकण्यावर अवलंबून ठेवता येते, तर शाखाधिकाऱ्याची आणि क्षेत्रीय व्यवस्थापकाची बढतीही त्यांच्या हाताखाली विकलेल्या पॉलिसी दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी किती टिकल्या यावर का ठेवू नये? किती एजंट वर्षभरात काम सोडून गेले, हाही त्यांच्या मूल्यमापनातला आकडा असावा. ज्याच्या हाताखालून दर वर्षी निम्मी माणसे पळतात तो 'टॉप परफॉर्मर' कसा? एलआयसीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक योजनांवरचे पहिल्या वर्षाचे कमिशन कमी करून नूतनीकरणाचे वाढवले, तेव्हा एजंट संघटनांनी विरोध केला. दिशा बरोबर होती. फक्त जोखीम पुन्हा एजंटाच्याच खिशातून गेली, वरच्यांच्या बोनसची चर्चा झाली नाही.

सखीसाठीच्या दुरुस्त्या तर स्वस्तातल्या आहेत. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेल्या तालुक्यात ६५ टक्क्यांच्या अटीला एक वर्षाची सूट द्यावी. बाळंतपणात तीन-चार महिने मोजणी थांबवावी. आणि सखीला स्वतःचा एक बरा मुदत विमा नियुक्तीपत्राबरोबरच द्यावा, तिने तो दुसऱ्यांना विकण्याआधी.

योजनेच्या सुरुवातीलाच रुजू झालेल्या सखींचे मानधन २०२७ च्या अखेरीपासून थांबेल. त्यानंतर त्यांच्या हाती फक्त कमिशन राहील, आणि ते किती, हे त्या २४ घरांनी हप्ते भरणे चालू ठेवले की नाही यावर ठरेल.