फिर्याद ऐकणारे विद्यापीठ

विरार पूर्वेच्या चंदनसारमध्ये राहणारी एखादी मुलगी महाविद्यालयात नाव दाखल करते, तेव्हा वर्गखोलीशी संबंध येण्यापूर्वीच तिचा संबंध एका अदृश्य दप्तराशी जडलेला असतो. आधार क्रमांक, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, बँकेचे खाते, छायाचित्र, मोबाइलचा क्रमांक असा तिच्या घरादाराचा सारा तपशील प्रवेशाच्या वेळीच संगणकात जमा होतो. आणि पुढे परीक्षेचा अर्ज असो, शिष्यवृत्ती असो वा निकाल असो, त्या दप्तराच्या मध्यस्थीवाचून तिच्या हाती काहीही पडत नाही. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा इलाखा आज पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांवर पसरलेला आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातील विद्यार्थी ज्या विश्वासाने आपली माहिती सुपूर्द करतात, त्या विश्वासाला धक्का बसला तर त्यांनी दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत असले पाहिजे.

असा धक्का नाना प्रकारांनी बसतो. महाविद्यालयाच्या नावाने शुल्क मागणारा बनावट संदेश येतो आणि शिष्यवृत्तीची रक्कम क्षणार्धात नाहीशी होते. एखाद्या विद्यार्थिनीच्या छायाचित्रात विकृत फेरफार करून ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरविले जाते. किंवा एखादा जिज्ञासू विद्यार्थी आपला निकाल पाहत असता त्याच्या ध्यानात येते, की संकेतस्थळाच्या पत्त्यातील एक आकडा बदलला तर दुसऱ्याची गुणपत्रिकाही उघडते. या तिन्ही प्रसंगी अनर्थाची वार्ता प्रथम कळते ती कुलसचिवांना नव्हे, प्राचार्यांनाही नव्हे, तर सर्वांत दुर्बल अशा विद्यार्थ्याला. म्हणूनच माझे असे ठाम मत आहे, की संस्थेची सुरक्षितता तिने खरेदी केलेल्या यंत्रसामग्रीवर जितकी अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ती, ज्याला प्रथम कळले त्याचे म्हणणे संस्था किती तत्परतेने आणि किती आदराने ऐकून घेते, यावर अवलंबून असते.

या विषयाचा इतिहासच मुळी विद्यापीठांत घडला आहे. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम त्या काळच्या इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. तो कसा रोखावा हे सांगणारा एक निनावी संदेश त्याच रात्री धाडण्यात आला होता. परंतु जाळेच तुंबून गेल्यामुळे तो ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचला नाही. उपाय उपलब्ध असूनही निरोप पोहोचण्याची वाट बंद असल्यामुळे अनर्थ लांबला, हा त्या रात्रीचा धडा होय. आणि तो ओळखूनच त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा घटनांच्या वार्ता स्वीकारणारे जगातील पहिले समन्वय केंद्र उभे राहिले.

आपल्या देशात हे कार्य 2004 पासून सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था करते. 28 एप्रिल 2022 रोजी तिने काढलेल्या आदेशान्वये, गंभीर सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत तिची खबर देणे सरकारी खात्यांना व इतर संस्थांना बंधनकारक झाले, आणि यंत्रणेतील नोंदी 180 दिवस जपून ठेवण्याची सक्तीही झाली. हुकूम योग्यच आहे. मात्र ही सहा तासांची मुदत संस्थेच्या लक्षात आल्यापासून मोजली जाते. आणि ज्या संस्थेत विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धाडले जाते, तिच्या लक्षात ती गोष्ट येणार तरी केव्हा? त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्समधील संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य वैद्यकीय शिक्षणसंस्थेला कित्येक दिवस कागद-लेखणीने कारभार चालवावा लागला. एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या 90 हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे टेलिग्रामवर उघड झाली, आणि परीक्षा तोंडावर आली असताना तरुणांना मनस्ताप सोसावा लागला. बलाढ्य संस्थांची ही गत होते, तर तालुक्याच्या महाविद्यालयाने आपण सुरक्षित आहोत असे मानण्यात अर्थ नाही.

छळाच्या प्रकरणांत तर विलंबाचे मूल्य पैशांत मोजता येत नाही. ज्या घरातील पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढलेली असते, त्या घरात असे काही घडले की पुष्कळदा प्रथम तिचा मोबाइल काढून घेतला जातो आणि मागोमाग तिचे शिक्षणही थांबते. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा मात्र तिला, असा हा विपरीत न्याय होतो. त्यामुळे ती मौन पत्करते, आणि तिच्या मौनाने गुन्हेगार निर्ढावतो. समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर 2021 च्या नियमांनीच असे बंधन घातले, की पीडित व्यक्तीची तक्रार येताच विवस्त्र वा फेरफार केलेले छायाचित्र ठरावीक मुदतीत हटविले पाहिजे. परंतु अशी तक्रार करता येते, ती कशी करावी, आणि मूळ संदेश तारीख-वेळेसह पुरावा म्हणून कसा जपावा, हे त्या मुलीला शांतपणे सांगणारे वडीलधारे माणूस महाविद्यालयात नसेल, तर नियम असून नसल्यासारखा होतो.

पोलिसांचे म्हणाल, तर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर 2020 पासून कार्यरत आहे. 1930 हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठीचा मदत क्रमांक आहे. आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. हे सारे स्वागतार्ह होय. पण पोलिसांकडे जाण्याची वाट खुली आहे या सबबीवर महाविद्यालयाला आपले अंग काढून घेता येणार नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला दूर कोठे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. रॅगिंगविरोधी कायदा आपल्या राज्याने 1999 सालीच केला. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करावी, सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे सोपवावे, आणि जो प्रमुख याबाबत हयगय करील त्याने त्या गुन्ह्याला प्रोत्साहन दिले असे मानण्यात यावे, अशी त्यात तजवीज आहे. मौन बाळगणारा अधिकारी हा तटस्थ नसून गुन्ह्याचा भागीदार असतो, हे तत्त्व ज्या राज्याने इतक्या वर्षांपूर्वी मान्य केले, त्या राज्याच्या विद्यापीठांनी तेच तत्त्व संगणकाच्या क्षेत्रात लागू करावे, एवढीच माझी मागणी आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. खोट्या तक्रारींचा पूर येईल, हा पहिला; परंतु तक्रार नोंदवून घेणे म्हणजे ती खरी मानणे नव्हे, आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा चौकशीत होतो, आवक-बारनिशीत नव्हे. संस्थेची अब्रू जाईल, हा दुसरा. पण ज्यांची माहिती फुटली त्यांना ते कळविण्याचे कर्तव्य 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने सांगितले असून त्यात कसूर केल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तेव्हा लपवालपवीने अब्रू राखण्याचा काळ आता सरला आहे. उलट, दोष दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्याची आज फार कोंडी होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व 66 या कलमांचा धाक मनात असल्यामुळे प्रामाणिक मुलगाही, आपल्यावरच बालंट येईल या भीतीने, दिसलेली उणीव पोटात ठेवतो. ज्याने हितबुद्धीने खबर दिली आणि कोणाच्या माहितीचा दुरुपयोग केला नाही, त्याच्यावर विद्यापीठ कारवाई करणार नाही, असे लेखी अभिवचन कुलगुरूंनी दिले पाहिजे.

करावयाचे ते अवाढव्य खर्चाचे मुळीच नाही. प्रत्येक महाविद्यालयात एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याच्या जोडीला एक महिला प्राध्यापक असावी. त्यांची नावे प्रवेशाच्या माहितीपत्रकातच मराठीत छापावीत. तक्रार तोंडी असली तरी ती त्याच दिवशी नोंदवून तिची पोच द्यावी, सात दिवसांत काय केले ते लेखी कळवावे, तक्रारदाराचे नाव गुप्त राखावे, आणि किती तक्रारी आल्या व किती निकालात निघाल्या याचा वृत्तांत दरवर्षी विद्यापीठाच्या अधिसभेपुढे ठेवावा. संगणक पुरविणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवून या जबाबदारीतून मुक्त होण्याची मुभा कोणाही प्राचार्यांना असू नये. कारण विद्यार्थ्याने आपला विश्वास कंपनीच्या नव्हे, विद्यापीठाच्या स्वाधीन केलेला असतो. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशापूर्वी एवढी व्यवस्था उभी करणे विद्यापीठाला सहज शक्य आहे, आणि ती उभी राहिली की नाही, याचा जाब अधिसभेच्या सदस्यांनी व पालकांनी विचारलाच पाहिजे.