जमीन त्यांची, शिवी आईला

गद्धेगाळाचा फोटो स्टोरीला टाकला की मला दोनच प्रकारचे रिप्लाय येतात. एक, हसणारे इमोजी. दुसरा, ‘तसं नाही हं, ती बाई म्हणजे भूमी. प्रतीक आहे ते.’ मला दुसऱ्याचा राग जास्त येतो.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शिलाहार-यादव काळातला हा उभा दगड. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालायचं. खाली एक बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव. हे दान जो मोडेल त्याच्या आईला असं होवो! सोबत मजकूर कोरलेला असेल तर कुणी, कुणाला, काय दिलं ते त्यात असतं. आपल्या खरेदीखतासारखाच दस्त, फक्त दगडावरचा.

मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य शिलाहाराचा लेख 1187 सालचा आहे. माहूलमधल्या एका वाडीच्या उत्पन्नातले 24 द्रम्म देवाच्या पूजेसाठी लावून दिले, असा तो व्यवहार. सगळा संस्कृतात. शेवटची शिवी तेवढी मराठीत. ज्यांना घाबरवायचं त्यांना कळायला नको?

आणि इथेच गोम आहे. संस्कृत ताम्रपटांतही धमकी असते, की दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. घाण आहे, पण शिक्षा चोरालाच आहे, फार तर त्याच्या पितरांना. मराठीत उतरताना ती त्याच्या आईवर गेली. ती ना देणारी, ना घेणारी, ना साक्षीदार. जामीन म्हणून मात्र तिचं शरीर.

प्रतीकवाल्यांनी परळचा लेख वाचावा. शिवीत भूमी नाही, माय आहे.

‘तो काळच तसा होता’ हेही ऐकलंय. गेल्या दिवाळीत आजोळी बांध कोरल्यावरून दोन्ही मामा भांडले. पहिल्याच मिनिटाला एकमेकांची आई काढली. सख्खे भाऊ, म्हणजे आई एकच. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. शेजारी माझी आई, जिने त्याच जमिनीचं हक्कसोडपत्र लग्नानंतर निमूट करून दिलंय. ती उठली आणि दोघांसाठी चहा टाकायला आत गेली.