आईचं अज्ञान मोजणं आता पुरे

एम.एस्सी. नर्सिंगच्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि जुने प्रबंध चाळा. ‘अमुक गावातील मातांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता.’ गाव बदलतं, आजार बदलतो, वाक्य तेच राहतं. साठ बाया, एक प्रश्नावली, एक व्याख्यान, सात दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात, टी-टेस्टमध्ये फरक लक्षणीय येतो, प्रबंध मंजूर होतो.

मी संशोधनपद्धती शिकवते, तेव्हा हा आरोप आधी माझ्यावर आहे.

जिला उत्तरं सांगितली तिचे गुण आठवड्यानं वाढले, यात सिद्ध काय झालं? तुलनेला दुसरा गट नाही. घरी गेल्यावर ती काय करू शकली, ते कुणी पाहिलं नाही. पण एक गोष्ट प्रबंध लिहिण्याआधीच ठरलेली असते: दोष बाईच्या डोक्यात आहे. उपकेंद्राला कुलूप होतं का, मजुरी बुडवून तिला येणं परवडलं असतं का, बाळंतपणात तिला हात लावायला कोण कचरलं, हे प्रश्नावलीत नसतं. वय, धर्म, शिक्षण, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार, सगळं आपण विचारतो. जात बहुधा विचारत नाही.

‘जात आणली की संशोधन राजकीय होतं,’ असं म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जात-जमात विचारतं, मग तेही राजकीय का? जात गाळणं हासुद्धा निर्णयच आहे, फक्त त्याचं कारण कुणी द्यावं लागत नाही.

नाइटिंगेलच्या नावानं दरवर्षी 12 मेला आपण दिवे लावतो. याच बाईनं 1858 साली आकृत्या काढून दाखवलं, की क्रिमियात सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले. तिनं सैनिकांचं आरोग्यज्ञान तपासलं नाही, लष्कराची व्यवस्था तपासली. आपण तिचा दिवा घेतला आणि आकडे टाकून दिले.

1916 साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. ज्या जातिव्यवस्थेनं त्यांना शाळेत वेगळं बसवलं, तिचीच यंत्रणा आणि उगम त्यांनी तपासायला घेतला. संशोधनपद्धती म्हणजे हेच: कुणी कुणाला तपासायचं, हे उलटं करण्याची ताकद. पहिल्या पिढीच्या मुलीला आपण ती ताकद देत नाही, नमुना आकाराचं सूत्र तेवढं पाठ करून घेतो. मग ती ओळखीतून एखादा स्टॅटिस्टिशियन शोधते, पैसे मोजते आणि तक्ते घेऊन येते. आपल्याला गणित जमत नाही, असं आयुष्यभर मानत राहते.

जात विचारायला पद्धत लागते. साठ जणींत दहा दलित बाया असतील, तर त्यावरून टक्केवारीचे दावे करता येणार नाहीत. तिथं सविस्तर मुलाखतच हवी. गोपनीयता पाळायला हवी, संमतीपत्र बाईला कळेल अशा भाषेत हवं. हे शिकवायचं काम आमचं आहे.

आणि वॉर्ड आहेच. बेडपॅनला कुणाला हाक मारली जाते? ड्युटीच्या तक्त्यात रात्रपाळी कुणाच्या नावावर जास्त येते? कुठल्या रुग्णाची घंटा उशिरा ऐकू येते? एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन हे सगळं मोजता येतं.

विद्यार्थिनी म्हणते, ‘मॅडम, हा विषय घेतला तर व्हायव्हात पाडतील.’ तिची भीती खरी आहे, म्हणून धाडसाचा उपदेश तिला करू नये. सिनॉप्सिसवर सही गाइडची असते, तेव्हा आधी धाडस गाइडनं करावं.

आणि तुम्ही, घरातले पहिले पदवीधर, विषय निवडताना स्वतःला एकच विचारा: या प्रश्नावलीसमोर माझी आई बसली असती, तर तिचं अज्ञान मोजलं गेलं असतं की तिच्यावर झालेला अन्याय?

जय भीम.