डब्यावरचं ‘जैन’ आणि घरची बालुशाही



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या पारण्याला मी सासूबाईंशी खोटं बोलले. आज लिहायचं ते त्याच्यावरूनच.

सासूबाईंचा चातुर्मासात बाजारचं काही न खाण्याचा नियम आहे. मी दहा दिवस पूजा, स्वाध्याय, पाहुणे यांत दमले होते. दुकानातून बालुशाहीचा डबा आणला आणि स्टीलच्या डब्यात भरून ठेवला. डब्यावर हिरव्या अक्षरांत ‘जैन’ लिहिलेलं, म्हणून मनाला समजूतही घातली. ताटात वाढताना त्यांनी विचारलं, ‘‘घरची ना गं?’’ मी ‘‘हो’’ म्हणाले. जाऊबाई खाली बघत राहिल्या. सासूबाईंनी अर्धी खाल्ली आणि ‘‘छान झालीय’’ म्हणाल्या.

रात्री झोप लागली नाही. सकाळी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘नियम माझा मोडला, मी एकाशन करते. खोटं तू बोललीस, तूही कर.’’ दोघींनी त्या दिवशी एकाशन केलं.

तेव्हापासून त्या हिरव्या शब्दाचा मी विचार करते आहे. मिठाईवर ‘जैन’ लिहिण्यात अर्थ काय? कांदा-लसूण बालुशाहीत कधी असतो का? गुलाबजामात बटाटा घालतं का कुणी? (घालतही असतील, हल्ली काही सांगता येत नाही.) आपले प्रश्न वेगळेच असतात. पीठ कधी दळलं, पाणी गाळलं का, कढई दिवसा ठेवली की रात्री, पाक झाकला होता का? यातल्या एकाचंही उत्तर त्या शब्दात नाही. दुकानदाराचा दोष म्हणत नाही मी. त्याला आपण कधी विचारलंच नाही.

जिलेबीचं तर विचारायलाच नको. मैदा दह्यात कालवून रात्रभर आंबवायचा, ही तिची मूळ रीत. पीठ फुगतं, आंबट होतं, ते जीव वाढल्यामुळेच. विज्ञानही तेच सांगतं आणि आपल्याकडे चव पालटलेल्या पदार्थाला चलितरस म्हणून अभक्ष्य मानतात. हल्ली लिंबू आणि सोडा घालून झटपट जिलेबी करतात. करा, पण तिला ती चव येत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करू. मला विचाराल तर सोडलेल्या पदार्थाची नक्कल करत बसण्यापेक्षा ज्याला आंबवणं लागतच नाही तो पदार्थ करावा. इमरती उडदाच्या डाळीची. ती ताजी वाटून, भरपूर फेटून करता येते. फक्त हलकी व्हावी म्हणून तिच्यात दही घालू नका, द्विदल होतं. पाकातल्या पुऱ्या आहेत, चिरोटे आहेत. आणि बालुशाही.

बालुशाहीसाठी मी मैदा आणत नाही. पुडीतला मैदा कधीचा, कोण सांगणार? पावसाळ्यात आपल्याकडे पिठाची मर्यादा 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. म्हणून गहू घरीच बारीक दळते आणि पीठ वस्त्रगाळ करून घेते. रंग जरा तांबूस येतो, पण खुसखुशीत होते. 2 वाट्या पिठाला अर्धी वाटी पातळ तूप चोळायचं, मुठीत धरलं तर मूद वळली पाहिजे. मग चिमूटभर सोडा आणि अर्ध्या वाटीला कमीच ताजं दही. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की पापुद्रे गेलेच. वीस मिनिटं झाकून ठेवायचं, गोळे करून मध्ये अंगठ्याने दाबायचं आणि तूप जेमतेम तापलं की सोडायच्या. इथे घाई चालत नाही. मंद आचेवर पंधरा मिनिटं तरी लागतात, नाहीतर बाहेरून लाल आणि आत कच्ची. पाक 2 वाट्या साखरेला 1 वाटी गाळलेलं पाणी, एकतारी. दोन बोटांत एक तार निघाली की गॅस बंद. पाक कोमट हवा, बालुशाही गरम.

आणि पाक झाकून ठेवा, हे पुन्हा सांगते. उघड्या पाकात मुंग्या, माश्या येऊन चिकटतात आणि तिथेच मरतात. एवढी गाळणी, एवढा शोध करायचा आणि शेवटी पातेलंभर सापळा मांडून ठेवायचा! उरलेला पाकही मोरीत ओतू नये. मी त्यात त्याच दिवशी पीठ भिजवून शंकरपाळी करते.

‘‘घरी करा’’ म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. उपवास बाईचा आणि कढईपुढे उभी तीच. म्हणून माझं मत असं, की पारण्याला पाच गोड पदार्थ हवेत कशाला? एकच करावा, मोजका करावा. आणि पीठ दळायला, चाळायला घरातल्या पुरुषांनाही हात आहेत.

यंदा आम्ही तसंच केलं. पीठ यजमानांनी दळलं. पारण्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कढई ठेवली, दहापर्यंत चौदा बालुशाह्या झाल्या. सासूबाई शेजारी पाट टाकून बसल्या होत्या, पाकावरचं झाकण सांभाळत. जेवताना त्यांनी काही विचारलं नाही. एक अख्खी खाल्ली. दोन उरल्या, त्या सूर्यास्ताआधी शेजारच्या मुलांना दिल्या.