लॅपटॉप देऊन टाकण्याआधी ही फाइल शोधा

जुना लॅपटॉप विकायला किंवा भाच्याला द्यायला काढला असेल, तर जरा थांबा. त्यावर कधीकाळी यूट्यूब-डीएल किंवा वायटी-डीएलपी वापरून व्याख्यानं, कीर्तनं, मुलांचे क्लास उतरवून घेतले असतील, तर हे आवाहन तुमच्यासाठीच आहे.

प्रोग्रॅम काढून टाकला की त्याच्याबरोबर सगळं गेलं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. यूट्यूब-डीएल २००६ पासूनचं. वायटी-डीएलपी त्याच्याच कोडमधून पुढे २०२१ मध्ये निघालं. दोन्ही प्रोग्रॅम तुमच्या कायमच्या सूचना 'कॉन्फिग' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीतून वाचतात. प्रोग्रॅम गेला तरी ती फाइल जागेवरच राहते आणि नोटपॅडमध्ये कुणालाही उघडता येते.

व्हिडिओ कुठे ठेवायचा, कोणत्या दर्जाचा घ्यायचा, एवढंच तिच्यात असेल तर काळजी नाही. पण काहींनी तिथेच युजरनेम आणि पासवर्डही लिहून ठेवलेला असतो. त्याहून घातक म्हणजे कुकीजची फाइल. लॉगिन लागणारा व्हिडिओ मिळावा म्हणून ती बनवली जाते, आणि कॉन्फिगमधली एक ओळ तिचा पत्ता सांगते. ब्राउझरमधून कुकीज काढून फाइलीत साठवायला वायटी-डीएलपीला सांगितलं, तर त्या ब्राउझरमधल्या सगळ्याच साइटच्या कुकीज तिच्यात उतरतात. तुमच्या ईमेलच्यासुद्धा. त्या कुकीज चालू असेपर्यंत ही फाइल ज्याच्या हाती लागेल, त्याला पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताही तुमच्या खात्यात शिरता येऊ शकतं.

म्हणून आजच शोधा. विंडोजवर 'ॲपडेटा'मधल्या 'रोमिंग'मध्ये आणि तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, लिनक्सवर होममधल्या 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमच्या नावाचं काही दिसतं का ते बघा. फाइल उघडून प्रत्येक ओळ वाचा. कुकीजच्या फाइलीचा पत्ता दिसला, तर आधी ती फाइल शोधून पुसा, मग कॉन्फिग पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. लॅपटॉप देऊनच टाकायचा असेल, तर अख्खी डिस्क पुसून घ्या.

प्रोग्रॅम नव्याने टाकूनही विचित्र वागत असेल, तर तो जुनीच फाइल वाचत असण्याची शक्यता मोठी. 'इग्नोर-कॉन्फिग' हा पर्याय देऊन एकदा चालवून बघा. सुरक्षा प्रमाणपत्र तपासू नको, असं सांगणारी एखादी जुनी ओळही तिथे सापडेल. ती लगेच काढा. मदत मागताना मात्र अख्खं फोल्डर कुणाला पाठवू नका.

शाळा, वाचनालयं आणि सायबर कॅफे चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: तुमच्या संगणकांवर कित्येकांची खाती उघडली जातात, ही तपासणी दर महिन्याला करा.

आणि लॅपटॉप आधीच देऊन झाला असेल, तर हे वाचून होताच आपल्या खात्यांच्या सुरक्षा विभागात जा, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.