मोजपट्टी आधीं, नांव मागाहून

२०२५ सालच्या मे महिन्यांतील गोष्ट आहे. सुटीमुळें आमचें घर भरलेलें होतें. माजघरांत आंब्यांची अढी आणि ओसरीवर नातवंडांचा गलका, असा तो काळ. एके दिवशीं सकाळच्या चहाच्या वेळीं आमचा नातू आणि आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव यांच्यांत असा कांहीं वाद पेटला कीं, घराच्या वाटणीचाच प्रश्न निघाला कीं काय, असें आम्हांस क्षणभर वाटलें. चौकशी करतां कळलें कीं, वाद अमेरिकेंतील बास्केटबॉलचा होता.

तेथील एन.बी.ए. या व्यावसायिक संघांच्या मंडळानें त्या हंगामाचा ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ जाहीर केला होता. तो मान ओक्लाहोमा सिटी संघाच्या शे गिल्जस-अलेक्झांडर यास मिळाला, म्हणून पुतण्या प्रसन्न होता. आणि डेन्व्हर संघाच्या निकोला योकिच यास डावललें, म्हणून नातू चहाला स्पर्श करीना. “आजोबा, तुम्ही इतकीं वर्षें पेपर तपासलेत, आतां तुम्हीच निकाल द्या,” असें म्हणून त्यानें आंकड्यांची एक यादीच आमच्यापुढें धरली.

वाचकांच्या सोयीसाठीं ते आंकडे येथें देतों. गिल्जस-अलेक्झांडर यानें दर सामन्यास सरासरी ३२.७ गुण मिळविले. त्या हंगामांत इतकी सरासरी दुसऱ्या कोणाचीही नव्हती. त्याच्या संघानें ८२ पैकीं ६८ सामने जिंकले. योकिच याची सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट अशी होती. नेम चुकून कड्यावरून उसळलेला चेंडू हस्तगत करणें म्हणजे रिबाउंड. आणि ज्यावर सोबत्यास लगेच गुण मिळावा असा चेंडू त्याला पुरविणें म्हणजे असिस्ट. या तिन्ही बाबतींत दहाचा आंकडा गांठणें यास ‘ट्रिपल-डबल’ म्हणतात. संबंध हंगामाची सरासरी तशी राखणारा योकिच हा एन.बी.ए.च्या इतिहासांतील अवघा तिसरा खेळाडू. त्याच्या संघानें मात्र ५० सामनेच जिंकले होते.

हा मान १९५५-५६ च्या हंगामापासून दिला जातो. १९७९-८० पर्यंत खेळाडू स्वतःच मतें देत. पुढील हंगामापासून तो अधिकार वार्ताहर व समालोचक यांच्याकडे गेला. २०२५ सालीं मतदार शंभर होते. प्रत्येकानें पांच नांवें क्रमानें लिहावयाचीं, आणि त्यांस अनुक्रमें १०, ७, ५, ३ व १ गुण मिळावयाचे. ७१ जणांनीं गिल्जस-अलेक्झांडर यास पहिलें व योकिच यास दुसरें स्थान दिलें. उरलेल्या २९ जणांनीं नेमकें उलट केलें. जुन्या संवयीनें आम्हीं हिशेब मांडला. एकाचे ७१० अधिक २०३, म्हणजे ९१३. दुसऱ्याचे २९० अधिक ४९७, म्हणजे ७८७. निकालांत तेच आंकडे होते. तेव्हां मतें मोजण्यांत कांहीं चूक नव्हती. तंटा होता तो मतें कोणत्या मापानें द्यावीं याचा. कारण ‘मौल्यवान’ या शब्दाची व्याख्या मंडळानें मतदारांस बांधून दिलेली नाहीं. २०२३-२४ पासून उमेदवारानें निदान ६५ सामने खेळलेले असावे असा एक नियम झाला आहे, इतकेंच.

आतां या मोजपट्टीचा इतिहास पाहूं. १९६१-६२ च्या हंगामांत विल्ट चेंबरलेन यानें दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण मिळविले. एका सामन्यांत तर एकट्यानें शंभर. त्याच हंगामांत ऑस्कर रॉबर्टसन याची सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड व ११.४ असिस्ट अशी होती. इतिहासांतील हें पहिलें हंगामभराचें ट्रिपल-डबल. परंतु त्या काळीं या पराक्रमास नांवही पडलेलें नव्हतें. मान मिळाला तो बॉस्टनच्या बिल रसेल यास, आणि त्याची सरासरी होती १८.९ गुण! मतें देणारे खेळाडू मूर्ख होते काय? मुळींच नाहीं. रसेल टोपलीपाशीं उभा राहून प्रतिपक्षाचे फटके अडवीत असे, आणि त्याच्या धाकानें कित्येक फटके मारलेच जात नसत. अडविलेल्या फटक्यांची नोंद एन.बी.ए.मध्यें १९७३-७४ पर्यंत ठेवलीच जात नव्हती, आणि न मारलेल्या फटक्याची नोंद तर आजही कोणी ठेवीत नाहीं. वहींत जें नव्हतें तें समोर खेळणाऱ्यांस मात्र ठाऊक होतें. बॉस्टननें त्या हंगामांत ८० पैकीं ६० सामने जिंकले होते.

पुढें पंचावन्न वर्षांनीं, २०१६-१७ मध्यें, ओक्लाहोमा सिटीच्याच रसेल वेस्टब्रुक यानें ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड व १०.४ असिस्ट अशी सरासरी राखली. त्याचा संघ ४७ सामने जिंकून आपल्या विभागांत सहावा आला; ह्यूस्टनच्या जेम्स हार्डन याच्या संघानें ५५ जिंकले. तरीही मान वेस्टब्रुक यास मिळाला. म्हणजे एकाच पराक्रमास १९६२ सालीं नकार, २०१७ सालीं होकार आणि २०२५ सालीं पुन्हा नकार! नातवाचा संताप येथेंच होता, आणि तो अगदींच अनाठायीं होता असें आम्हांस वाटत नाहीं. पुतण्याचें उत्तर असें कीं, पंचावन्न विजय निराळे आणि अडुसष्ट निराळे. हेंही खोटें नव्हे.

आमचा प्रथम आक्षेप त्या दहाच्या आंकड्यावर आहे. मनुष्यास बोटें दहा, म्हणून आपली गणना दशमान. वेस्टब्रुकचे असिस्ट १०.४ च्या ऐवजीं ९.८ असते, तर त्याच्या खेळांत काय मोठें उणें झालें असतें? मतें मात्र खासच कमी झालीं असतीं. पस्तीस गुणांस उत्तीर्ण आणि चौतिसांस अनुत्तीर्ण करण्यांत आमचा जन्म गेला. त्या एका गुणांत विद्या नसते, केवळ रेघ असते, हें आम्ही अनुभवानें सांगतों. शिवाय काळाचेंही मान पाहिलें पाहिजे. १९६१-६२ च्या सुमारास एकेक संघ दर सामन्यास शंभराहून अधिक फटके मारी, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक चुकत. चुकलेले फटके अधिक तेव्हां रिबाउंडही अधिक. म्हणून जाणकार हल्लीं सामन्यागणिक न मोजतां, चेंडू शंभर वेळां हातीं आला असतां काय घडलें, असें मोजतात. हें माप आम्हांस न्याय्य वाटतें.

गुणांचेंही तसेंच. तीस गुण मिळविले एवढ्यानें भागत नाहीं. ते किती प्रयत्नांत, हें विचारावें. वीस फटक्यांत तीस मिळविणारा आणि तीस फटक्यांत तीस मिळविणारा हे दोघे सारखे नव्हेत; कारण दुसऱ्यानें दवडलेल्या संधी सोबत्यांच्या वांट्याच्या होत्या. घरांत दूध किती आलें याबरोबर उतूं किती गेलें, हेंही गृहिणी पाहतेच कीं नाहीं?

परंतु खरा कस याहून पुढें आहे, आणि येथें आम्हांस आमचें न्यायशास्त्र आठवलें. कार्यकारणभाव ठरवावयाचा तो अन्वय आणि व्यतिरेक यांनीं. अमुक असतां तमुक असणें हा अन्वय, आणि अमुक नसतां तमुक नसणें हा व्यतिरेक. नातवानें आम्हांस समजाविलें कीं, ‘प्लस-मायनस’ नांवाचें जें माप आहे तें हेंच. खेळाडू मैदानावर असतांना त्याच्या संघानें प्रतिपक्षाहून किती गुण अधिक मिळविले, आणि तो बाहेर बसला असतांना काय झालें, तें पाहावयाचें. त्याच्या हातीं चेंडू होता कीं नव्हता, हें येथें विचारीत नाहींत. २००९ सालीं मायकेल लुइस या लेखकानें शेन बॅटिए या खेळाडूवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. बॅटिएच्या नांवावर गुण बेताचे. परंतु तो मैदानावर असला कीं त्याचे सोबती अधिक चांगले आणि प्रतिपक्षी अधिक वाईट खेळत. अशीं माणसें प्रत्येक मोठ्या कुटुंबांत असतात, आणि त्यांचें नांव कोणत्याही वहींत नसतें.

मात्र न्यायशास्त्र येथेंच थांबत नाहीं. तें उपाधीचाही विचार करावयास सांगतें. अग्नि आहे तेथें धूर असतोच असें नव्हे. इंधन ओलें असेल तरच धूर होतो. तें ओलें इंधन ही उपाधि. स्टीव्ह नॅश हा २००४ सालीं फिनिक्स संघांत आला, आणि आदल्या हंगामांत २९ सामने जिंकणारा तो संघ ६२ जिंकून गेला. नॅशची सरासरी अवघी १५.५ गुण, तरी मान त्यास मिळाला. अन्वय-व्यतिरेक उघड दिसतो. परंतु त्याच उन्हाळ्यांत क्वेंटिन रिचर्डसनही त्या संघांत आला होता, आणि शिक्षक माइक डँटोनी यांस संपूर्ण हंगाम प्रथमच मिळाला होता. सगळें श्रेय एकट्या नॅशचें कसें म्हणावें? त्याचप्रमाणें २०२४-२५ मध्यें योकिच बाहेर बसला कीं डेन्व्हरचा खेळ ढासळे, हें खरें. पण त्यांत त्याच्या जागीं येणाऱ्याचें दौर्बल्य किती? उलट ओक्लाहोमा सिटीचे इतर गडी इतके तयारीचे होते कीं, गिल्जस-अलेक्झांडर विश्रांति घेत असतांही संघ तरून जाई. सोबती चांगले मिळाले हा त्याचा अपराध मानावयाचा काय? पुतण्याचा हा प्रश्न आम्हांस निरुत्तर करून गेला. ही उपाधि गणितानें वेगळी काढण्याचे प्रयत्न तिकडे झाले आहेत. कोणत्या क्षणीं मैदानावर कोणते दहा गडी होते हें लक्षांत घेऊन प्रत्येकाचा वांटा काढतात. तरी एका हंगामाची सामग्री त्यास अपुरी पडते.

येथपर्यंत लिहून आम्हीं लेखणी खालीं ठेविली, कारण एक जुनी गोष्ट मनांत टोंचूं लागली. ती सांगणेंच बरें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत वर्षाच्या अखेरीस एका उत्तम विद्यार्थ्यास बक्षीस देत, आणि निवड आमच्याकडे असे. एका वर्षीं दोन मुलें पुढें होतीं. एक परीक्षेंत पहिला. दुसरा गुणांनीं चौथा; परंतु मधल्या सुटींत मागच्या बांकावरील मुलांस गणित शिकवून वर काढणारा. पहिला मुलगा आमच्या विशेष प्रेमांतला, म्हणून आम्हीं सांगितलें, “परीक्षेचे गुण हेंच खरें माप.” पुढल्या वर्षीं आमच्या प्रेमांतला दुसरा एक मुलगा परीक्षेंत मागें राहिला, तेव्हां आम्हींच म्हटलें, “आचरण हेंच खरें माप.” त्या वेळीं तो गणित शिकविणारा मुलगा उठून शांतपणें म्हणाला, “गुरुजी, गेल्या वर्षीं माप निराळें होतें.” आम्हीं त्यास उद्धट म्हणून खालीं बसविलें. उद्धट तो नव्हता. तो आज कोठें आहे, ठाऊक नाहीं. त्याचें तें वाक्य मात्र आमच्यापाशींच राहिलें आहे.

या वादाचें मूळ आम्हांस तेथेंच दिसतें. कोणता आंकडा श्रेष्ठ हा प्रश्न कठीण आहे. परंतु आधीं नांव ठरवून मग त्यास शोभेल असा आंकडा शोधणें, ही त्याहून मोठी खोड. ज्यास वेस्टब्रुक आवडे त्यानें ट्रिपल-डबल पुढें केलें, आणि ज्यास हार्डन आवडे त्यानें विजय मोजले. म्हणून आमचें मत असें: मतदारानें हंगाम सुरू होण्यापूर्वींच आपलीं मापें व त्यांचा क्रम लिहून ठेवावा. आमचा क्रम विचाराल तर, प्रथम खेळाडूनें किती सामने व किती वेळ भार वाहिला तें. मग गुण, परंतु दवडलेल्या संधींसह. मग अन्वय-व्यतिरेक, उपाधि शक्य तितकी वगळून. आणि इतकें करूनही दोघे समान ठरले तर संघाचे विजय. विजयास शेवटचें स्थान अशासाठीं कीं, त्यांत शिक्षकाचें चातुर्य व मालकाची थैलीही मिसळलेली असते. दहाच्या आंकड्यास स्थान नाहीं.

हें आम्हीं दोघांस वाचून दाखविलें, आणि या मापानें योकिच कांकणभर सरस दिसतो, असेंही म्हटलें. नातू खुलला. पुतण्या नम्रपणें म्हणाला, “काका, हीं मापें तुम्हीं आधीं ठरविलींत, कीं याचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर?”

आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं. मग निकाल मागें घेतला, आणि दोघांस एकेक कोरा कागद दिला. ऑक्टोबरांत नवा हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलीं मापें त्यावर लिहावयाचीं, नांव एकही लिहावयाचें नाहीं, असें ठरलें. तिसरा कागद आम्हीं स्वतःकरितां घेतला. ते तिन्ही कागद घडी घालून देवघरांतील फडताळांत पंचांगाखालीं ठेविले, आणि किल्ली सूनबाईंच्या स्वाधीन केली. कारण या घरांत त्यांस बास्केटबॉलमधला एकही खेळाडू नांवानें ठाऊक नाहीं.